लिव्हरमध्ये थेट केमो : इंदूरच्या ओळखीपाळखीतून मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी एक सांगून टाकते, मी डॉक्टर नाही. इंदूरच्या एका खासगी हॉस्पिटलच्या कॅथ लॅबमध्ये, म्हणजे रक्तवाहिनीत नळी घालून तपासणी आणि उपचार करतात त्या खोलीत, बरीच वर्षं सिस्टर होते. हृदयाच्या अँजिओग्राफ्या तिथे रोजच्याच, पण शेवटच्या काही वर्षांत लिव्हरच्या केसेसही येऊ लागल्या. आता घरी असते. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, कुठल्याही मराठी घरात कॅन्सर निघाला आणि 'लिव्हरपर्यंत गेलाय' असं कळलं, की कुणाच्या ना कुणाच्या ओळखीनं फोन माझ्याकडे येतो. रिपोर्ट इंग्रजीत, डॉक्टर बोलतात हिंदीत आणि घरातली घालमेल मात्र मराठीत, अशी सगळी गंमत. त्याच त्या प्रश्नांची उत्तरं इथे लिहून ठेवते आहे. तुमच्या पेशंटचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. हे वाचून त्यांच्यासमोर बसलात तर बोलणं नीट होईल, एवढ्यासाठी हा खटाटोप.

रिपोर्टमध्ये 'सेकंडरी' लिहिलंय. म्हणजे दुय्यम, फार गंभीर नाही, असंच ना?

नाही. हा गैरसमज मी इतक्यांदा ऐकलाय की तो पहिलाच घेते. एका घरात तर 'प्रायमरी आतड्यात आहे, लिव्हरमध्ये नुसतं सेकंडरी' म्हणून पेढे वाटायचेच बाकी होते. सेकंडरी म्हणजे मूळ जागेवरून पेशी निघाल्या, रक्तातून वाहत गेल्या आणि दुसऱ्या अवयवात रुजल्या. डॉक्टर यालाच 'मेट्स' म्हणतात, आणि बहुतेक कॅन्सरमध्ये ही चौथी स्टेज धरली जाते.

याला 'लिव्हरचा कॅन्सर' म्हणू नका. शब्दाचा कीस पाडते असं वाटेल, पण औषध यावरच ठरतं. मोठ्या आतड्याची गाठ लिव्हरमध्ये गेली तरी ती आतड्याचीच राहते, आणि केमोही आतड्याच्या कॅन्सरचीच लागते. लिव्हरमध्येच सुरू झालेला कॅन्सर हा वेगळा आजार, त्याची औषधं वेगळी, हिशेबही वेगळा. इंटरनेटवर 'लिव्हर कॅन्सर' टाकून जे वाचाल त्यातलं निम्मं तुमच्या बाबांना लागू नसतं.

आतड्यातला आजार लिव्हरमध्येच का गेला?

आतड्यांतून निघणारं जवळजवळ सगळं रक्त पोर्टल नावाच्या मोठ्या शिरेतून आधी लिव्हरमध्ये जातं, मग हृदयाकडे. जेवणातलं बहुतेक सगळं आधी तिथे तपासलं जावं, ही निसर्गाची सोय. कॅन्सरच्या पेशींना तोच रस्ता आयता सापडतो. मलाशयाच्या अगदी खालच्या भागातलं रक्त मात्र थोडं वेगळ्या वाटेनं जातं, म्हणून तिथल्या गाठी कधी कधी लिव्हरला वळसा घालून सरळ फुप्फुसात दिसतात. स्तन, स्वादुपिंड, जठर, डोळ्यातला मेलानोमा (रंगपेशींचा कॅन्सर), न्यूरोएंडोक्राइन गाठी (हार्मोन सोडणाऱ्या पेशींच्या), यांनाही लिव्हर आवडतं. तिथे मिनिटाला दीडेक लिटर रक्त येतं, रुजायला जागा चांगली.

सलाईनमधून केमो देतातच की. मग थेट लिव्हरमध्ये कशाला?

हे समजलं की पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपल्याकडे घरात पाणी कसं येतं? एक नर्मदेचा नळ, एक बोअरिंग. लिव्हरचंही तसंच आहे. शरीरातल्या बाकीच्या बहुतेक अवयवांना एकाच बाजूनं रक्त मिळतं, लिव्हरला दोन बाजूंनी. साधारण तीन चतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून येतं आणि एक चतुर्थांश हेपॅटिक आर्टरीतून, म्हणजे लिव्हरच्या धमनीतून. चांगल्या पेशी मुख्यतः पोर्टलवर जगतात. गाठ मात्र दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे वाढली की जवळजवळ सगळं पोषण धमनीतून ओढते. हे १९५४ सालीच अभ्यासून मांडलं गेलं होतं, आणि पुढचं सगळं तंत्र त्या एका गोष्टीवर उभं आहे. गाठीनं फक्त एका नळाला नळी जोडली असेल, तर औषध त्याच नळातून सोडायचं किंवा तो नळच बंद करायचा. दुसरा चालू असल्यामुळे घर कोरडं पडत नाही.

दुसरं कारण औषधाच्या मात्रेचं. हाताच्या शिरेतून दिलेली केमो अंगभर पसरते, गाठीच्या वाट्याला थोडी येते आणि केस, तोंड, रक्ताच्या पेशी यांच्या वाट्याला बरीच. धमनीतून दिली तर आधी लिव्हरला भेटते. काही औषधं तर लिव्हर पहिल्याच फेरीत गिळून टाकतं. फ्लॉक्सयुरिडीन नावाचं औषध ९५ टक्क्यांच्या आसपास तिथेच संपतं, बाकी अंगाला जेमतेम पोचतं. म्हणून तेच औषध धमनीतून दिलं तर लिव्हरला शंभर ते चारशे पट जास्त मिळू शकतं.

पण याची दुसरी बाजूही लगेच ऐका. औषध लिव्हरमध्येच थांबतं, म्हणजे लिव्हरबाहेर जे आहे त्याला ते हातही लावत नाही.

डॉक्टरांनी तीन-चार नावं घेतली. यांत फरक काय?

टेस हे सगळ्यात जास्त ऐकू येणारं नाव. बारीक नळीनं गाठीच्या धमनीपर्यंत जायचं, केमोचं औषध सोडायचं आणि मागोमाग ती धमनी बुजवायची. औषध आत कोंडलं जातं आणि गाठीचं रक्तही तुटतं. हे तंत्र मुळात लिव्हरमध्येच सुरू होणाऱ्या कॅन्सरसाठी रुळलं, २००२ साली स्पेन आणि हाँगकाँगच्या दोन चाचण्यांनी तिथे त्याचा फायदा दाखवला. सेकंडरीसाठीही ते वापरतात.

मण्यांचं टेस ही त्याचीच सुधारलेली आवृत्ती. केसाच्या जाडीच्या आसपासचे मणी औषधात भिजवून घेतात. मणी जाऊन गाठीत अडकतात आणि औषध हळूहळू सोडत राहतात. आतड्याच्या कॅन्सरसाठी त्यांत इरिनोटेकॅन नावाचं केमोचं औषध भरतात, त्याला डेबिरी म्हणतात. चिठ्ठीवर हा शब्द दिसला तर घाबरू नका, दुसरं काही नाही.

वाय-नाइंटी किंवा टेअर ही केमो नव्हेच, हे रेडिएशन. काचेच्या किंवा रेझिनच्या अतिसूक्ष्म मण्यांत किरण सोडणारं यट्रियम भरलेलं असतं, ते गाठीपाशी बसून आतून शेक देतं. त्याची शक्ती दर चौसष्ट तासांनी निम्मी होते आणि किरण सरासरी अडीच मिलिमीटर जातात, म्हणून शेजारच्या अवयवांना झळ कमी. मात्र त्याआधी एक तालीम करावी लागते, मणी फुप्फुसाकडे निसटत नाहीत ना हे बघायला. ती तालीम म्हणजे हॉस्पिटलनं उगाच लावलेलं बिल, असं समजू नका.

आणखी एक प्रकार आहे : फुग्यांनी लिव्हरचं रक्त बाकी शरीरापासून तोडायचं, त्यात मेल्फलान नावाचं केमोचं औषध भरपूर सोडायचं आणि बाहेर येणारं रक्त गाळून परत अंगात घालायचं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२३ मध्ये डोळ्याच्या मेलानोमाच्या सेकंडरीसाठी त्याला मंजुरी दिली. आतड्याच्या पेशंटनं त्याच्या मागे धावायचं कारण नाही.

अमेरिकेतला पुतण्या म्हणतो, तिकडे पोटात पंप बसवतात. तो का नाही बसवायचा?

हा पुतण्या प्रत्येक घरात असतो, आणि तो खोटं बोलत नाही. तळहातात मावेल अशी जाड चकती पोटाच्या कातडीखाली बसवतात, तिची नळी लिव्हरच्या धमनीच्या एका फांदीत शिवतात. या पंपाला बॅटरी नसते. शरीराच्या उबेनं आतला वायू फुगतो आणि औषध थेंब थेंब पुढे ढकलतो. साधारण दर दोन आठवड्यांनी कातडीतून सुई घालून तो भरतात. औषध तेच, फ्लॉक्सयुरिडीन. ऑपरेशनमध्येच पित्ताशय काढतात, नाहीतर औषधानं ते सुजतं.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये यावर अनेक वर्षं काम झालंय. १९९९ मध्ये त्यांनी १५६ पेशंटची चाचणी प्रसिद्ध केली. आतड्याच्या सेकंडरी लिव्हरमधून ऑपरेशननं काढल्यावर अर्ध्यांना पंप आणि नेहमीची केमो, अर्ध्यांना नुसती नेहमीची केमो. दोन वर्षांनी पहिल्या गटात ८६ टक्के हयात होते, दुसऱ्यात ७२. फरक चांगला आहे. पण पुतण्याला हेही विचारा : त्या सगळ्यांच्या गाठी आधी काढता आल्या होत्या, आपल्या काकांच्या काढता येतात का?

पंपाचे त्रासही आहेत. औषधानं पित्तनलिका आकसतात, काविळीपर्यंत जातं, म्हणून लिव्हरच्या तपासण्या सतत कराव्या लागतात आणि आकडे वाढले की मात्रा कमी किंवा बंद. हे सगळं सांभाळणारी सर्जन, ऑन्कोलॉजिस्ट आणि नर्सची टीम एका छपराखाली हवी. पंप बसवला आणि भरायला कुणी नाही, असं झालं तर काय कामाचा? आपल्याकडे तो नेहमीच्या वापरात नाही.

खरं सांगा, यानं आयुष्य वाढतं का?

सगळ्यांत अवघड प्रश्न. फोनवर हा येतो तेव्हा मी आधी चहाचा कप खाली ठेवते.

कुणासाठी, यावर उत्तर बदलतं. न्यूरोएंडोक्राइन गाठी सावकाश वाढतात आणि रक्तावर भारी जगतात. तिथे धमनी बुजवण्याचा परिणाम बहुधा चांगला दिसतो, जुलाब आणि चेहरा लाल होण्याचा त्रासही कमी होतो. आतड्याच्या सेकंडरीत चित्र मिश्र आहे. डेबिरी आणि नेहमीची केमो यांची तुलना करणारी इटलीतली एक चाचणी २०१२ मध्ये आली. ७४ पेशंट, डेबिरीकडचे निम्मे पेशंट २२ महिन्यांहून जास्त जगले, केमोकडचे निम्मे १५ महिन्यांहून. वाचून आशा वाटते. पण पेशंट जेमतेम ७४, आणि बहुतेकांच्या दोन-तीन वेगवेगळ्या केमो आधीच होऊन गेलेल्या. उलट वाय-नाइंटी पहिल्यापासूनच केमोला जोडलं तर काय होतं, हे तीन मोठ्या चाचण्या मिळून ११०३ पेशंटवर पाहिलं गेलं, निकाल २०१७ मध्ये आले. लिव्हरमधला आजार जास्त काळ आटोक्यात राहिला, पण आयुष्य वाढलं नाही. बाकी शरीरातला आजार थांबला नव्हता ना!

म्हणून मी सांगते, डॉक्टरांना 'फायदा होईल का' असं विचारू नका, त्याला कुणीही होच म्हणेल. 'हे कशासाठी करताय?' असं विचारा. गाठी लहान करून ऑपरेशन करायचंय, केमोला सुट्टी द्यायचीय, की दुखणं कमी करायचंय? तिन्ही कारणं रास्त आहेत. फक्त कुठलं, ते तुम्हाला माहीत हवं. आणि लिव्हरच्या सर्जननं ती सीटी पाहिली आहे का, हेही विचारा. गाठी कापून काढता येत असतील तर ऑपरेशनचा विचार आधी. निरोगी लिव्हरचा पाव-तृतीयांश भाग उरला तरी चालतं, ते पुन्हा वाढतं. हा विचार न करताच पेशंट थेट कॅथ लॅबमध्ये आलेला मी पाहिलाय. कुठे ते सांगत नाही.

कुणाला हे करत नाहीत?

आजार हाडांत, फुप्फुसात, मेंदूत भरपूर पसरला असेल तर बहुधा नाही. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, अशातला प्रकार होतो. पोर्टल शीर रक्ताच्या गुठळीनं बंद असेल तर टेस धोक्याचं, कारण एक नळ आधीच बंद आणि दुसरा आपण बुजवणार. कावीळ, पोटात पाणी, पेशंट दिवसाचा बराच वेळ अंथरुणात, हेही अडथळेच.

एक गोष्ट लोक सांगायला विसरतात. पित्तनलिकेत स्टेंट (ती उघडी ठेवणारी नळी) असेल किंवा आधी स्वादुपिंडाचं मोठं ऑपरेशन होऊन पित्तनलिका आतड्याला जोडली असेल, तर आतड्यातले जंतू वर चढतात आणि टेसनंतर लिव्हरमध्ये पू होण्याचा धोका बराच वाढतो. जुनं ऑपरेशन कितीही वर्षांपूर्वीचं असो, फाईल दाखवाच.

त्या दिवशी काय काय होतं?

सकाळी उपाशीपोटी भरती. रक्ताच्या तपासण्या आधी झालेल्या असतात : किडनीसाठी क्रिएटिनिन, लिव्हरसाठी बिलिरुबिन, रक्त नीट गोठतं का यासाठी प्लेटलेट आणि आयएनआर. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी बंद करायच्या ते आधी विचारून ठेवा. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर सांगा, किडनी कमजोर असल्यास डाय (फोटोत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून सोडतात ते औषध) दिल्यानंतर ती अठ्ठेचाळीस तास थांबवतात. बेव्हासिझुमॅबचं इंजेक्शन चालू असेल तर तेही सांगा, त्यानं रक्तवाहिन्या नाजूक होतात आणि मध्ये काही आठवड्यांचं अंतर लागतं.

पूर्ण भूल बहुधा नसते. जांघेत, हल्ली कधी कधी मनगटात, जागा बधिर करतात, गुंगीचं औषध थोडं. मग नळी धमनीतून वर. रक्तवाहिनीच्या आत नळी सरकलेली कळत नाही. डाय सोडला की अंगभर गरम लाट जाते आणि लघवी झाल्यासारखं वाटतं. झालेली नसते, लाजू नका. पडद्यावर लिव्हरच्या धमन्या पानगळीतल्या झाडासारख्या दिसतात. न्यूरोएंडोक्राइन गाठ तिथे फळासारखी ठळक लागलेली दिसते, आतड्याची सेकंडरी मात्र फिकी, डॉक्टरांना डोळे बारीक करून शोधावी लागते. मग एक मिलिमीटरहून बारीक नळी आणखी आत घालतात, जठराला जाणाऱ्या फांद्या चुकवत, कारण औषध चुकून तिकडे गेलं तर अल्सर होतो. सगळा वेळ यातच जातो. औषध सोडणं हे काही मिनिटांचं काम.

फोटो घेताना श्वास धरावा लागतो. एकदा धारच्या एक आजी होत्या. तंत्रज्ञ काचेमागून 'साँस रोकिए' म्हणाला, आजींना ऐकू कमी, मग मी कानाशी वाकून 'आजी, श्वास धरा' म्हटलं. धरला. फोटो छान आला, डॉक्टर पडद्यात गुंगले आणि 'सोडा' म्हणायचं सगळेच विसरलो. आजी धरूनच बसल्या. त्यांचा चेहरा पाहून मी ओरडले तेव्हा सोडला, आणि म्हणाल्या, 'अगं, तू सांगितलंस म्हणून धरला होता.' तेव्हापासून मी पेशंटला आधीच सांगायची : सोडायला आम्ही विसरलो तर तुम्ही सोडा.

इरिनोटेकॅनचे मणी सोडताना उजव्या बरगडीखाली जोरात कळ येते. ती अपेक्षितच असते, दुखण्याचं औषध नळीतूनच देतात. सहन करत पडू नका, बोला. मोठ्यानं बोललात तरी कुणी रागावत नाही.

नळी काढली की जांघेवर पंधरा-वीस मिनिटं हातानं दाब, मग पट्टी, वर वाळूची पिशवी, आणि चार ते सहा तास पाय सरळ. हे शेवटचं वाक्य वाचून कुणी गंभीर होत नाही. आमच्याकडे एक धडधाकट गृहस्थ होते. युरिन पॉटमध्ये लघवी करायला संकोच वाटला म्हणून सिस्टर बाहेर गेल्यावर पाय दुमडून उठून बसले. जांघेत लिंबाएवढी गाठ आली, मांडी गुडघ्यापर्यंत काळीनिळी, पंधरा दिवस लंगडत होते. लिव्हरचं काम उत्तम झालं होतं. तेव्हा बाबा संकोची असतील तर मुलानं किंवा जावयानं त्या चार-सहा तासांत खोलीतून हलू नये. मनगटातून केलं असेल तर ही कटकट नाही.

दुसऱ्या दिवशी ताप आला. इन्फेक्शन झालं का?

बहुधा नाही. गाठीच्या पेशी मरतात, त्याची प्रतिक्रिया म्हणून ताप, पोटात दुखणं, मळमळ, गळून गेल्यासारखं वाटणं हे होतंच. तीन-चार दिवस, कधी आठवडा. थकवा त्याहून लांबतो. ताप रोज थोडा थोडा उतरत जायला हवा.

उतरून आठ-दहा दिवसांनी पुन्हा थंडी वाजून चढला तर मात्र वाट पाहू नका, पू असू शकतो. डोळे पिवळे, शौच डांबरासारखी काळी, पोट फुगत चाललेलं, पेशंट गुंगीत किंवा असंबद्ध बोलतोय, यातलं काहीही दिसलं तर रात्री दोन वाजले असले तरी निघा. डिस्चार्जच्या वेळी चोवीस तास लागणारा नंबर मागून घ्या. ओपीडीचा नंबर रविवारी कुणी उचलत नाही.

आता नेहमीची केमो बंद ना?

नाही. हा माझा सगळ्यात मोठा काळजीचा मुद्दा. 'थेट लिव्हरमध्ये दिली, आता अंगभर कशाला', असं म्हणून केमोच्या ठरलेल्या फेऱ्या मध्येच सोडून दिलेले लोक मी पाहिलेत. सीटीत न दिसणाऱ्या पेशी रक्तात फिरत असतात, त्यांच्यासाठी शिरेतली केमोच लागते. मध्ये किती दिवस थांबायचं ते डॉक्टर ठरवतील. पण ते त्यांनी ठरवायचं, 'बाबा थकलेत' म्हणून आपण नाही. बाबा खरंच थकले असतील तर तेच डॉक्टरांना सांगा, मात्रा कमी करता येते.

महिन्यानं सीटी केली. गाठ ४.२ सेंटिमीटर होती, आता ४.१. पैसे पाण्यात गेले?

थांबा. आकारावर जाऊ नका. मेलेली गाठ लगेच आक्रसत नाही, कितीतरी महिने तशीच बसून राहते. डाय दिल्यावर गाठीत चमक येते का, ते पाहायचं. रिपोर्टमध्ये 'नॉन-एन्हान्सिंग' किंवा 'नेक्रोसिस' असे शब्द शोधा, गाठीचा तेवढा भाग मेलाय. कडेला चमकणारी कोर उरली असेल तर तिथे जीव आहे, तिच्यासाठी पुन्हा एकदा करावं लागेल. आधी सीईए (आतड्याच्या कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारा एक घटक) वाढलेलं असेल तर त्याचा उतरता आकडाही उपयोगी पडतो. आणि लिव्हरच्या दोन्ही बाजूंना गाठी असतील तर एका वेळी एकच बाजू करतात, काही आठवड्यांनी दुसरी. म्हणजे निम्मं राहिलंय, फसलेलं नाही.

खायला काय द्यायचं? पोहे चालतील?

चालतील. इंदूरच्या माणसाला चौथ्या दिवशी पोहे नाही दिले तर तो लिव्हरपेक्षा त्या दुःखानं खंगेल. घरचे पोहे, वरण-भात, अंडं, पनीर, दही, जे उतरेल ते थोडं थोडं. प्रथिनं हवीत. 'लिव्हरला आराम' म्हणून नुसतं उसाचा रस आणि मुगाच्या पाण्यावर ठेवू नका, वजन उतरलं की पुढची केमो झेपत नाही. केमोमुळे पांढऱ्या पेशी उतरल्या असतील त्या दिवसांत सराफ्यातलं (आपल्या रात्रीच्या खाऊबाजारातलं) खाणं बंद, उघड्यावरची चटणी आणि बर्फ तर नकोच. दारू अजिबात नाही.

गुळवेलीचा काढा, काविळीची मुळी, कुणीतरी आणलेलं चूर्ण?

हॉस्पिटलला सांगितल्याशिवाय काही नको. गुळवेलीचा काढा घेणाऱ्यांत लिव्हरला सूज आल्याच्या केसेस करोनाच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला, तो वाद त्यांचा त्यांनी मिटवावा. आपल्या पेशंटच्या लिव्हरवर आधीच मारा चालू आहे. उद्या रक्तात लिव्हरचे एन्झाइम वाढले तर केमोनं वाढले की काढ्यानं, हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि केमो थांबेल.

खर्चाचं कसं?

आकडा मी देत नाही, हॉस्पिटलगणिक बदलतो. लेखी अंदाज मागा आणि त्यात लॅब, नळ्या-मणी, औषध आणि खोली वेगवेगळं लिहून घ्या. बिल फुगतं ते बहुधा नळ्या आणि मण्यांत. आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना उत्पन्न न पाहता हे कार्ड मिळतं. आमच्यातल्या बऱ्याच पेन्शनर मंडळींना वाटतं, ते आपल्यासाठी नाही. आहे. मात्र तुमची प्रक्रिया त्या हॉस्पिटलात पॅकेजमध्ये बसते का, हे भरती होण्याआधी तिथल्या आयुष्मान मित्राकडून पक्कं करा, किंवा १४५५५ वर विचारा.

बाबांना सांगायचं का?

सही त्यांची असते, आणि टेबलावर ते जागे असतात. आमच्या काचेच्या या बाजूला डॉक्टर काय बोलतात ते त्यांना ऐकू जातं. घरी तुम्ही मराठीत सांगितलंत तर ते जास्त बरं.

इंदूरमध्येच करायचं की मुंबईला जायचं?

टेस करणारे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, म्हणजे नळीनं असे उपचार करणारे डॉक्टर, इंदूरमध्ये आहेत. साधी केस असेल तर घराजवळ बरं, ताप आला तर गाठता येतं. गाठी काढता येतील का याबद्दल दोन डॉक्टरांचं दुमत असेल, किंवा वाय-नाइंटी सुचवलं असेल, तर एकदा मुंबईत टाटा मेमोरियलला मत घेऊन यावं. मत तिथे, उपचार इथे, असंही जमतं. बऱ्याच जणांनी केलंय.

जाताना नुसते छापील रिपोर्ट नेऊ नका. सीटीची सीडी लागते, बायोप्सीच्या काचा आणि मेणाचे ब्लॉक लागतात. ब्लॉक लॅबकडून मागून घ्यावे लागतात, त्यात दोन दिवस जातात. अवंतिका एक्सप्रेसनं रात्रीत मुंबई सेंट्रल गाठता येतं. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटला रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीला पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एका माणसाला पंचाहत्तर टक्के. त्याचा ठरावीक फॉर्म हॉस्पिटलमधून डॉक्टरांच्या सही-शिक्क्यानिशी भरून घ्या. मोबाईलवर हे तिकीट निघत नाही, खिडकीवरच काढावं लागतं, आणि शिक्का पुसट असेल तर बाबू परत पाठवतो. तिथल्या तिथे बघून घ्या.